तांबवेकरांचा स्पष्टवक्ता गुडघा

मानवजातीच्या वाटचालीत खऱ्या अर्थाने महत्त्वाचे दिवस दोनच. पहिला, ज्या दिवशी आपल्या कुणा झाडावरच्या पूर्वजाने चार पायांचा नाद सोडला आणि तो दोन पायांवर उभा राहिला. दुसरा, दोन हजार त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीतला एक मंगळवार. त्या दिवशी माणसाचा पाय माणसाला न विचारता उभा राहिला.

ही दुसरी घटना कराडच्या शनिवार पेठेत, ‘दुसरा डाव ज्येष्ठ वधू-वर मंडळा’च्या कचेरीत, सकाळी साडेअकराला घडली. इतिहासाला साक्षीदार एकच होता, आणि तो रागावून निघून गेला.

साक्षीदाराचं नाव गजानन हुलवान. पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. तीन वर्षांत त्यांनी अकरा स्थळं नाकारली होती. एक बाई बिनसाखरेचा चहा पितात म्हणून, एक फार हसतात म्हणून, आणि एक अजिबात हसत नाहीत म्हणून. प्रत्येक नकारानंतरच्या मंगळवारी ते आपल्या अपेक्षांची सुधारित आवृत्ती घेऊन मंडळात यायचे आणि ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या दिवशी बाराव्या आवृत्तीचं वाचन संपवून त्यांनी चष्मा पुसला.

“तांबवेकर, निघू का मी? तुमची कामं खोळंबली असतील.”

“छे हो!” मंडळाचे संस्थापक, संचालक आणि झाडूवाले शिरीष तांबवेकर म्हणाले. “बसा निवांत. मला कसली आलीत कामं?”

हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत तांबवेकरांच्या डाव्या गुडघ्यातून मांजर गुरगुरावं तसा आवाज आला आणि तो सरळ व्हायला लागला. डावा पाय उठल्यावर उजव्याला बसून राहणं बरं दिसत नाही, जन्माची सोबत असते ती. दोन सेकंदांत तांबवेकर ताठ उभे होते. उजवा हात अजून खुर्चीकडे दाखवत होता, तोंडात “बसा” होतं आणि डावं पाऊल दाराच्या दिशेनं एक फूट पुढे गेलेलं होतं.

हुलवानांनी हाताकडे पाहिलं, मग पायाकडे.

“समजलो,” ते म्हणाले.

“अहो, तसं नाही. हा पाय जरा...”

“पायावर ढकलू नका, तांबवेकर! तीन वर्षं मी इथं येतोय!” हुलवानांनी बारावी आवृत्ती काखेत मारली आणि ते गेले. तांबवेकरांना फार वाईट वाटलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की वाईट वाटत असताना गुडघा मात्र आपण होऊन पुन्हा खुर्चीत बसला होता, आणि अगदी ऐसपैस बसला होता.

आता हा गुडघा तिथं आला कसा, ते सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वी तांबवेकर एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. एका दुपारी उसाची ट्रॉली मागे आली, तांबवेकर मागे सरकले नाहीत, आणि डावा पाय मांडीतून गेला. पहिला कृत्रिम पाय मिळाला त्याला गुडघा होता, म्हणजे बिजागरी होती, कपाटाच्या दाराला असते तसली. त्या पायानं त्यांना गावाचा नवा भूगोल शिकवला. दोन पायांच्या माणसाला रस्ता सपाट वाटतो. तांबवेकरांना कळलं, की कराडातला एकही रस्ता सपाट नाही. उतारावर बिजागरी दगा देते, ओल्या न्हाणीघरात तर ठरवून देते. जिना एकेक पायरी करत, आधी चांगला पाय, मग दुसरा. लोकांच्या घरातले सोफे दरवर्षी बुटके होत चालले आहेत, हेही त्यांच्याच लक्षात आलं. नातेवाइकांची त्यांनी मनातल्या मनात नवी यादी केली होती. जिन्याला कठडा असलेले जवळचे, नसलेले दूरचे. आणि एक गोष्ट गेली ती गेलीच. दोन्ही हातांत काही धरून चालणं. एक हात कायम भिंतीसाठी राखून ठेवायचा.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कृत्रिम अवयव केंद्रानं नव्या गुडघ्याच्या चाचणीसाठी माणसं मागवली. तांबवेकरांनी अर्ज केला. तिथली तंत्रज्ञ ऋता गोडांबे, वय वर्षं सत्तावीस, हिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं.

“काका, आधीचे हुशार गुडघे असायचे ना, ते फक्त पाय बघायचे. किती वाकलाय, किती भार आलाय, सेकंदाला शंभरदा मोजायचे आणि त्याप्रमाणे घट्ट किंवा सैल व्हायचे. म्हणजे तुम्ही चालायला लागलात की त्यांना कळायचं. पण माणूस उठतो ना, तेव्हा पाय हलायच्या बराच आधी शरीर तयारीला लागलेलं असतं. कंबर आवळते, पाठ सरकते, मांडीतले स्नायू बारीक बारीक निरोप पाठवायला लागतात. तुम्हाला स्वतःला ‘आता उठू या’ असं वाटायच्याही आधी. तुमचा पाय गेला, पण मांडीतले स्नायू अजून निरोप पाठवतातच.”

“बारा वर्षं?”

“रोज. घेणारं कुणी नव्हतं. हा गुडघा ते निरोप वाचतो. सॉकेटच्या, म्हणजे मांडी बसते त्या खोबणीच्या, आत सोळा पट्ट्या आहेत. पहिला महिना तो नुसता शिकेल. तुम्ही नेहमीसारखं वागा, म्हणजे झालं.”

तांबवेकर महिनाभर नेहमीसारखे वागले. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथं आहे.

महिन्यानंतर गुडघ्याची मोटर सुरू झाली आणि तांबवेकर कृष्णेच्या घाटावर गेले. एका पायरीवर एक पाऊल, पुढच्या पायरीवर दुसरं, असं करत ते खालपर्यंत उतरले. मग वर चढले. मग पुन्हा उतरले. चौथ्या खेपेला तिथल्या रखवालदारानं विचारलं, “काका, काही हरवलंय का?” घरी येऊन तांबवेकरांनी चहा केला आणि दोन हातांत दोन कप घेऊन ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले. थेंब सांडला नाही. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे दोन्ही कप त्यांनाच प्यावे लागले.

असा गुणी गुडघा. आणि त्यानं हुलवानांना बाहेरची वाट दाखवली.

तांबवेकरांनी त्याच दुपारी ऋताला फोन लावला. तिनं नोंदी उघडल्या, आणि बराच वेळ पडद्यावर तिचं नुसतं कपाळ दिसत राहिलं.

“काका, शिकायच्या महिन्यात तुमच्या मांडीनं चारशे बारा वेळा उठायची तयारी केली. उठलात एकशे सात वेळा.”

“बरोबर आहे की.”

“बरोबर कसं? उरलेल्या तीनशे पाच वेळा काय करत होतात?”

“निघत होतो,” तांबवेकर म्हणाले. “कुणाकडे गेलं की मांडीवर थाप मारायची, ‘चला, येतो’ म्हणायचं, ते म्हणणार ‘बसा हो’, की बसायचं. असं चार-पाचदा झालं की मग निघायचं. दारात थोडं बोलायचं. फाटकात थोडं बोलायचं. महत्त्वाचं सगळं फाटकातच तर होतं.”

“हा गुडघा बनवणारे परदेशातले आहेत, काका. त्यांना वाटलं सेन्सर बिघडलाय. त्यांच्याकडे माणूस निघतो म्हणाला की निघतो.”

“मग ते बोलतात कधी?”

ऋता म्हणाली, “सेन्सर ठीक आहे. झालंय काय, की गुडघ्यानं तुमचं खोटं उठणं आणि खरं उठणं वेगळं ओळखायला शिकून घेतलंय. थाप मारून ‘येतो’ म्हणता तेव्हा तो हलत नाही. आणि तोंडानं ‘बसा, बसा’ म्हणत असताना मांडी आतून ‘पळ’ म्हणत असली, तर तो पळतो.”

“म्हणजे हा माझं ऐकत नाही!”

“ऐकतो ना. तोंडाचं नाही, मांडीचं.”

उपाय होता. गुडघ्याच्या मागे एक बटण होतं. तीन सेकंद दाबलं की गुडघा ‘आज्ञाधारक’ व्हायचा, म्हणजे निरोप वाचणं बंद करून नुसती बिजागरी व्हायचा. पण मग जिना पुन्हा एकेक पायरीचा, आणि एक हात पुन्हा भिंतीला. तांबवेकरांनी दोन कप आठवले आणि बटणाला हात लावला नाही.

त्याचे परिणाम झाले. पुतण्यानं थायलंडच्या सहलीचे फोटो भिंतीवर दाखवायला घेतले, तेव्हा पहिल्याच हत्तीला तांबवेकर उभे राहिले. एका शोकसभेत वक्ते दिवंगताच्या दानशूरपणाबद्दल बोलू लागले आणि तांबवेकर उठून दोन पावलं चालून गेले. श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं असेल असं समजून मागच्या चार रांगांतली माणसं उभी राहिली, म्हणून ते निभावलं. पण मंडळाचा धंदा निभावेना. वधू-वर मंडळ चालवणाऱ्या माणसाचं भांडवल म्हणजे त्याचं तोंड. “स्वभाव मनमिळाऊ” म्हणताना तांबवेकर खुर्चीतून चार इंच वर येऊ लागले. “व्यसन? नावाला नाही” म्हणता म्हणता खिडकीपाशी पोचू लागले. पंधरा दिवसांत गावाला कळलं. लोक त्यांच्या तोंडाकडे बघेनासे झाले. एका वधूची मुलगी तर स्पष्टच म्हणाली, “काका, फोटो राहू द्या. तुम्ही नीट टेकून बसा आणि एकेक गुण सांगा.” आणि ती खाली बघत बसली.

गुडघा एकाच माणसाच्या बाबतीत स्वस्थ राहायचा. प्रतापराव निकम. निवृत्त वनाधिकारी, वय चौसष्ट, दापोलीला घर, पंधरा कलमं, आवाज मृदू, कोलेस्टेरॉल आदर्श. तांबवेकरांनी एकदा कचेरीचं दार लावून घेतलं आणि गुडघ्याला मोठ्यानं ऐकवलं, “निकम सज्जन आहेत. निकम निर्व्यसनी आहेत. निकम स्वतःची भांडी स्वतः घासतात.” गुडघा ढिम्म. सगळं खरं होतं. तांबवेकर कधी नव्हे इतके खचले.

कारण निकमांचं स्थळ त्यांनी ज्यांना सुचवलं होतं, त्या होत्या माधुरी कुंभोजकर. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका, वय बासष्ट. गावात त्यांना सगळे बाईच म्हणत. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला, आणि मंडळाचा अर्ज त्या मुलीनंच परस्पर भरलेला. अपेक्षांच्या रकान्यात बाईंनी मागाहून स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहिले होते, ‘कमी बोलणारा’. त्या फाईलच्या कामासाठी तांबवेकर वर्षभरात बाईंकडे एकतीस वेळा गेले होते. दुसऱ्या कुठल्याही फाईलला दोन खेपा पुरत.

पण मंडळाचा चौथा नियम तांबवेकरांनीच छापून भिंतीला लावला होता. ‘संचालकाने स्वतः उमेदवार असू नये.’ कुणी कारण विचारलं, की ते सांगायचे, “वाढप्यानं पंगतीत पान मांडलं, की बाकीच्यांच्या पानात जिलबी पोचत नाही.” या वाक्यावर लोक माना डोलवायचे. आता माघार कशी घ्यायची? त्यात पायाची गोष्ट. फाईलमध्ये निकम घाट चढून जात असल्याचा फोटो होता. तांबवेकर घाट उतरले त्याचा फोटो काढायला कुणी नव्हतं.

निकम रविवारी अकरा वाजता बाईंकडे येणार, बाई त्यांना समोरासमोर होकार किंवा नकार देणार, असं ठरलं. होकार आला की बाई दापोलीला. तांबवेकर त्याची कल्पना द्यायला गुरुवारी बाईंच्या घरी गेले. कॉफी झाली. निरोप सांगून झाला.

“चला,” मांडीवर थाप मारून तांबवेकर म्हणाले, “येतो मग.”

“बरं,” बाई म्हणाल्या. बाई ‘बसा हो’ म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या.

गुडघा हलला नाही. तांबवेकरांनी उन्हाळ्याचा विषय काढला. तो संपला.

“निघतोच आता.”

“हं.”

मग लिफ्टचा विषय निघाला. सोसायटीनं लिफ्ट सहा वर्षांपूर्वी मंजूर केली होती, आणि ती अजून ठरावातच वर-खाली करत होती. बाई पहिल्या मजल्यावर राहत. तोही विषय संपला. मग आणखी तीनदा ‘येतो’ म्हणून झालं.

“तांबवेकर,” बाई म्हणाल्या, “पाच झाले.”

“काय पाच?”

“ ‘येतो’. पाच वेळा म्हणालात. एरवी तिसऱ्याला तरी उठता.”

“बॅटरी असेल,” म्हणत तांबवेकरांनी ऋताला फोन लावला. दोन्ही हातांनी सोफ्याची कड ओढायची होती, म्हणून फोन स्पीकरवर टीपॉयवर ठेवला.

“बॅटरी ब्याऐंशी टक्के आहे, काका,” ऋताचा आवाज खोलीभर आला. “मोटर छान. गुडघा एकदम स्वस्थ आहे. इतका स्वस्थ तर मी कधीच बघितला नाही त्याला. कुठं आहात तुम्ही?”

“कुठं ते सोड! उठत नाहीये तो!”

“तुम्हाला उठायचंय का?”

“म्हणजे काय? चार वाजता माझी मीटिंग आहे!”

“मीटिंगचं नाही विचारत. मांडीचं विचारतेय.”

बाईंनी कॉफीचा रिकामा कप उचलला आणि त्यातून एक घोट घेतला.

तांबवेकरांनी फोन बंद केला, गुडघ्यामागचं बटण दाबलं आणि सोफ्याला लोंबकळत कसेबसे उठले. दारात काही बोलले नाहीत. फाटकातही नाही.

रविवारी निघतानाच त्यांनी बटण दाबून ठेवलं. गुडघा आज्ञाधारक. आज शब्द महत्त्वाचा होता, एका सज्जन माणसाला दिलेला. बाईंच्या इमारतीचा जिना त्यांनी कठडा धरून, एका पायरीला दोन वेळा पाय टेकत चढायला सुरुवात केली. अर्ध्यावर मागून निकम आले.

“हात देऊ का?”

“नको, नको. व्हा पुढे तुम्ही.”

“मी थांबतो. पाहुण्यानं आधी जाणं बरं दिसत नाही,” निकम म्हणाले, आणि मागे दोन पायऱ्या ठेवून, तांबवेकर पडले तर झेलता येतील अशा बेतानं चढू लागले. खोटं खोटं एकदा खोकणंही या माणसाला जमत नव्हतं. तांबवेकरांना त्यांचा राग करण्याची फार इच्छा होती, पण निकमांनी तेवढीही सोय ठेवली नव्हती.

वर गेल्यावर सगळे बसले. तांबवेकरांनी निकमांची स्तुती सुरू केली. घर, कलमं, भांडी, घाट. शब्द सुरेख येत होते. गुडघा लाकडासारखा पडून होता. “थोडक्यात,” त्यांनी समारोप केला, “पंचवीस वर्षांत असं जुळणारं स्थळ मी बघितलेलं नाही.”

“मंडळाला सहा वर्षं झालीत,” बाई म्हणाल्या. “तांबवेकर, जिन्याला पायऱ्या किती?”

“तेवीस.”

“मी दारात उभी राहून ऐकत होते. निकमांची पावलं सोडून सेहेचाळीस आवाज झाले. पाय बिघडला, की बिघडवला?”

तांबवेकरांनी गुडघ्यावरची सुरकुती सरळ केली.

“बटण चालू करा.”

“बाई, पाहुणे आहेत समोर...”

“म्हणूनच. परीक्षा चारचौघांत होते.”

पस्तीस वर्षं वर्गावर गेलेला आवाज होता तो. तांबवेकरांनी बटण दाबलं. गुडघा गुरगुरला. निकम कुतूहलानं पुढे झुकले.

“आता म्हणा, निकम सज्जन आहेत.”

“निकम सज्जन आहेत.” गुडघा स्वस्थ.

“आभारी आहे,” निकम गुडघ्याला म्हणाले.

“म्हणा, निकमांचा आणि कुंभोजकर बाईंचा जोडा शोभून दिसेल.”

“निकमांचा आणि कुंभोजकर बाईंचा जो...” एवढं होईपर्यंत तांबवेकर उभे होते. पुढचे शब्द ते गॅलरीच्या दाराशी जाऊन म्हणाले.

“बसा. आता म्हणा, माझं इथलं काम झालं, येतो.”

तांबवेकर येऊन बसले. मांडीवर थाप मारली. “माझं इथलं काम झालं. येतो.” काही नाही. त्यांनी पुन्हा थाप मारली, कमरेला हिसका दिला, दात आवळले. गुडघ्यानं बारीकसा सुस्कारा सोडला आणि तो आणखी थोडा सैल होऊन बसला.

निकम हसले.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “हे तांबवेकर सहा महिने मला फोनवर तुमची स्तुती सांगतायत, बाई. तुम्ही पाढे कसे म्हणता, कॉफीत जायफळ किती घालता. जमिनीचा दलालसुद्धा विकायच्या जमिनीची एवढी स्तुती करत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.” ते उठले. “तांबवेकर, पेटीभर आंबे पाठवीन. आणि जमलं तर माझी फाईल पुन्हा उघडा. या वेळी जरा कमी कौतुक असलेलं स्थळ बघा.”

“येतो” म्हणाले आणि खरंच गेले. बरीच वर्षं रानात काढली की माणूस असा होतो.

आता घरात दोघंच उरले. तांबवेकर खाली मान घालून बसले होते. वजनकाट्यावर ट्रॉली मागे येताना दिसली होती, तेव्हाही त्यांचे पाय असेच जागच्या जागी राहिले होते.

“उत्तर कळलं,” बाई म्हणाल्या.

तांबवेकरांनी मान वर केली.

“पण नुसत्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. रीत दाखवावी लागते. हे तुमच्या गुडघ्याचं म्हणणं झालं. उद्या कंपनीनं त्यात दुसरा प्रोग्राम टाकला, म्हणजे मी काय करायचं? मालकाचं काय म्हणणं आहे?”

“मालकाचंही तेच...”

“तेच म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात सांगा.”

तांबवेकरांनी हात मागे नेला आणि बटण तीन सेकंद दाबलं. गुरगुर थांबली. मग सोफ्याची कड धरून, चांगल्या पायावर सगळा भार घेऊन, लाल होत, धापा टाकत ते स्वतःचे स्वतः उभे राहिले. वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तसे.

“बाई,” ते म्हणाले, “मी लबाडी केलीय. वर्षभरात तुम्हाला नऊ स्थळं आली होती. तुमच्यापर्यंत मी दोनच पोचवली. मलकापूरच्या डॉक्टरांना दमा आहे असं मीच त्यांच्या फाईलवर लिहिलं. त्यांना दमा नाही. ते पोहतात.”

“बरं.”

“दर थोड्या दिवसांनी तुमच्या अर्जात त्रुटी आहे म्हणून यायचो. ती त्रुटी मीच ठेवायचो.”

“माहीत आहे. जन्मतारीख तुम्ही चार वेळा विचारलीत. चौथ्यांदा मी मुद्दाम चुकीची सांगितली. तुम्ही तीच लिहून घेतलीत आणि मान डोलावलीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं उत्तर चाललंय, माझं नाही. पुढे.”

“निकम घाट चढतात. मला काल रात्रीपर्यंत वाटत होतं, की तुम्हाला चांगले दोन पाय असलेला माणूस मिळावा. हे खरं आहे. पण तो दुसऱ्या तालुक्यात मिळू नये, असंही वाटत होतं. तेही खरं आहे.” तांबवेकरांनी कपाळ पुसलं. “सकाळी मी पाय लावतो तेव्हा मला आधी दहा मिनिटं लागतात. सॉकेट ढिली झाली की मोजे बदलावे लागतात, ते कुठंही बसून. रात्री पाय भिंतीला टेकवून चार्जिंगला लावायचा असतो, अंधारात बघितलं की कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात मी चिडचिड करतो. बोलतो फार. तुमच्या अर्जात कमी बोलणारा लिहिलंय, त्यात मी बसत नाही. चौथ्या नियमातही बसत नाही. तो मी उद्या भिंतीवरून काढतो, नाहीतर मंडळच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. पण मला या घरातून निघावंसं वाटत नाही, बाई. बटण बंद असतानाही वाटत नाही. एकतीस वेळा आलो, आणि एकदाही वाटलं नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर मी आत्ता या पायानं तेवीस पायऱ्या उतरून जाईन, आणि परत कधी जन्मतारीख विचारायला येणार नाही. संपली रीत.”

ते तसेच उभे राहिले. बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला आणि तांबवेकरांकडे एखादं लांबलचक उदाहरण शेवटच्या ओळीपर्यंत तपासावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी मान जराशी वळवली आणि हवेत वास घेतला.

“तांबवेकर.”

“हो, बाई?”

“उभेच आहात, तर आत जाऊन तेवढा गॅस बंद करा. भात लागतोय.”